मानवी प्रतिपिंडे बनवणारे उंदीर

मानवी प्रतिपिंडांची जनुके बसवलेले जनुकपरिवर्तित उंदीर. त्यांची स्वतःची प्रतिपिंड-जनुके निकामी केलेली असतात. म्हणून लस टोचल्यावर त्यांच्या रक्तात माणसाची प्रतिपिंडे तयार होतात. असे उंदीर १९९४ मध्ये जगापुढे आले. महाराष्ट्राशी त्यांचा संबंध रेबीजमुळे जुळला. अशाच उंदरांतून मॅसॅच्युसेट्समध्ये मिळालेले ‘१७सी७’ हे प्रतिपिंड पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०१७ मध्ये ‘रॅबिशिल्ड’ नावाने बाजारात आणले. ते विषाणूच्या पृष्ठभागावरील ग्लायकोप्रोटीनला चिकटते. उत्पादनाला मात्र उंदीर लागत नाहीत. ते हॅमस्टरच्या पेशींत होते. मात्रा दर किलो वजनाला ३.३३ एकके, घोड्यापासूनच्या प्रतिपिंडांची ४०. कुत्र्याचा चावा खोल असल्यास ते जखमेतच टोचतात. लस तरीही घ्यावीच लागते.