चौल-रेवदंडा : खाडीकाठचे आपले एक गाव

आपल्या समाजाच्या इतिहासाची सुरुवात नवगावच्या किनाऱ्यापासून करण्याची रीत आहे. परंतु त्याच किनाऱ्यावर दक्षिणेस असलेल्या चौल-रेवदंडा या जोडगावाची ओळख आपल्या मुलानातवंडांना फारशी नाही. म्हणून हा अल्पसा प्रयत्न.

रायगड जिल्ह्यात (१९८१ पर्यंतचा कुलाबा) अलिबागपासून सुमारे १७ किलोमीटरवर कुंडलिका नदी समुद्राला मिळते. तिच्या मुखाच्या उत्तर काठावर रेवदंडा, त्याला लागून चौल आणि पैलतीरी कोर्लईचा किल्ला. सगळीकडे नारळी-पोफळीच्या वाड्या. खाडीत जहाजांना आसरा मिळे, म्हणूनच हे गाव मोठे झाले.

'पेरिप्लस' या प्राचीन ग्रीक ग्रंथातील सेमुल्ला बंदर ते हेच, असे अभ्यासक मानतात. अरब प्रवासी त्याला सैमूर म्हणत. अल-मसूदी दहाव्या शतकात येथे येऊन गेला. आखातातून घोडे याच बंदरात उतरत. पंधराव्या शतकात रशियन व्यापारी अफानासी निकितिन होर्मुझहून घोडा घेऊनच येथे उतरला. पुढे १५०८ मध्ये चौलच्या समुद्रात पोर्तुगीजांचा पराभव झाला. तरी १५२१ पासून त्यांनी रेवदंड्याला किल्ला बांधावयास घेतला. १५७०-७१ चा निजामशाही वेढा त्यांनी सोसला, पण १७४० च्या तहाने चौल व कोर्लई मराठ्यांकडे आले. आजही गावात जाणारा रस्ता जुन्या तटातूनच जातो, आणि सातखणी बुरुजाचे उरलेले मजले माडांच्या वर डोकावतात.

तोपर्यंत मुंबई बंदर वाढले होते. व्यापार तिकडे गेला, आणि बंदराचे पुन्हा खेडे झाले.

कुलाब्यातील गावोगाव आपले पूर्वज तेलाचे घाणे चालवीत. शब्बाथला घाणा बंद, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. रेवदंड्याचे बेथ एल सिनेगॉग १८४२ चे, म्हणजे अलिबागच्या मागेन अबोथपेक्षाही (१८४८) सहा वर्षांनी जुने. पुढे पलटण, रेल्वे, रुग्णालये, कचेऱ्या यांतील नोकऱ्यांसाठी माणसे मुंबई-पुण्यास गेली व १९४८ नंतर बहुतेक इस्रायलला.

गाव सुटले तरी नाव सुटले नाही. मुंबईत परिचारिका असताना केसपेपरवर चेऊलकर, किहीमकर, पेणकर, रोहेकर अशी आडनावे मी लिहीत असे. ते गाव कधीही न पाहिलेला रोगीसुद्धा आडनावात आपले गाव घेऊन येई. सध्या मी मुलाकडे दुबईच्या इंटरनॅशनल सिटीत राहते. येथे इमारतींच्या समूहांना चीन, फ्रान्स, पर्शिया अशी देशांची नावे आहेत, पण राहणारे त्या देशांचे असतीलच असे नाही. आपल्या आडनावांचे मात्र तसे नव्हे. त्या नावाच्या गावी कोणीतरी खरोखर घाणा फिरवला होता.

आडनाव पुढे जाईल, पण वाडी कोठे होती, विहीर कोणती, शेजारी कोण, हे आपल्याबरोबरच जाईल. ज्या वडील मंडळींना आठवते त्यांनी ते आजच वहीत लिहून ठेवावे, आणि भारतात येणे झाल्यास नातवंडांना एकदा रेवदंड्यास जरूर न्यावे, ही नम्र विनंती.