कार्डावरचा माइक

गेमच्या कार्डासाठी माइक काढायला घेतला की स्क्रीनवर हमखास उभ्या फटींचा चकचकीत डबा उतरतो. हा चेहरा १९३९चा, शुअर कंपनीच्या युनिडाइनचा. बेंजामिन बाउअर या इंजिनिअरने त्यात एकाच पडद्यावर भागवलं. मागचा आवाज फटींतून वळणं घेत पडद्याच्या दोन्ही बाजूंना एकदमच पोचतो; रेटा फिटतो, पडदा हलत नाही. म्हणजे मागच्या फटी नुसती नक्षी नाहीत. त्या काढायलाच हव्यात.

१९६२मध्ये बेल लॅब्जमध्ये जेम्स वेस्ट आणि गेरहार्ड सेसलर यांनी इलेक्ट्रेट माइक बनवला. पुढे फोन, टेपरेकॉर्डर, श्रवणयंत्रं त्याच्याच जोरावर ऐकू लागली. तरी कार्डावर तो नसतो, कारण टाचणीएवढ्या भोकाला चेहरा नाही. चित्रात टिकतं ते ओळखू येणारं. जगाने वापरलेलं टिकेलच असं नाही.