निफाडची थंडी आणि डिझेलचा हीटर

मुंबई-आग्रा महामार्गावरचं पिंपळगाव बसवंत कांदा, टोमॅटो आणि द्राक्षांवर चालतं. हा माल वाहणाऱ्या डिझेल गाड्यांची परीक्षा घेते ती इथल्या निफाड तालुक्याची थंडी. पारा घसरला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात आणि इंजिनं मात्र पेटत नाहीत!

पुण्याच्या बजाज टेम्पोने 1987 मध्ये ट्रॅव्हलर ही डिझेल गाडी आणली. तिचं मर्सिडीज घराण्यातलं ओएम 616 इंजिन चार सिलिंडरचं. डिझेल आधी छोट्या पूर्वकक्षात पेटायचं, म्हणून तो तापवायला प्रत्येक सिलिंडरला एक हीटर प्लग. याच घराण्यातल्या जुन्या इंजिनांत प्लग एका माळेत जोडलेले असत. एकाची तार तुटली की चारही थंड. पुढे पेन्सिलसारखे, स्वतंत्र जोडणीचे प्लग आले आणि एक गेला तरी गाडी कुरकुरत का होईना, सुरू होऊ लागली.

खरी कसोटी असा गेलेला प्लग काढताना. काजळीने टोक घट्ट बसतं. जाणता मेकॅनिक इंजिन गरम करतो, तेल सोडतो, पाना हलक्या हाताने मागे-पुढे फिरवतो. घाई केली आणि टोक आत तुटलं, तर अनेकदा इंजिनाचं हेडच उतरवावं लागतं. हे हातांतलं ज्ञान कुणीतरी लिहून ठेवायला हवं.