धुके, चलान आणि काटोलचा रस्ता
संत्र्यांच्या हंगामात पहाटेच्या धुक्यातून नागपूर गाठू पाहणाऱ्या काटोलच्या वाहनचालकाला अपघातानंतर मिळालेल्या चलानास, म्हणजे दंडाच्या लेखी मागणीस, आव्हान देण्याची वाट १९३९च्या मोटार वाहन कायद्यापर्यंत मागे जाते. त्यातील कलम १३०नुसार किरकोळ प्रकरणांत टपालाने गुन्हा कबूल करून रक्कम पाठवता येई; ज्याला कबुली नको असे, त्याला स्वतः किंवा वकिलामार्फत दंडाधिकाऱ्यासमोर हजर व्हावे लागे. धोकादायक वाहन चालवण्याविषयीचे कलम ११६ मात्र जागेची अवस्था आणि रहदारी विचारात घेण्यास सांगे, त्यामुळे धुक्याची सबब चालकावरच उलटू शके: दिसत नव्हते, तर वेग का कमी केला नाही? १९८८च्या कायद्याने कलम १८४मध्ये ही कसोटी जवळजवळ तशीच ठेवली. चलान तेवढे पुढे मोबाईलवर येऊ लागले.