अंतिम न झालेला निकाल : कॅलिफोर्निया, २००८

१/ मार्च २००८. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात एका बातमीने खळबळ उडवली. शिक्षकाचा सरकारी परवाना नसेल तर आईवडिलांना स्वतःची मुले घरी शिकवता येणार नाहीत, असे अपील न्यायालयाने म्हटल्याची ती बातमी. ती खोटी नव्हती. तरीही तो निकाल कधीच अंतिम झाला नाही. असे का झाले, ते या धाग्यात पाहू.

२/ आधी कायदा समजून घेऊ. कॅलिफोर्नियात ६ ते १८ वर्षांच्या मुलांना सरकारी शाळेत जाणे सक्तीचे आहे. त्यातून सुटण्याच्या मुख्य वाटा दोन : पूर्णवेळ खासगी शाळा किंवा परवानाधारक खासगी शिक्षक. गंमत अशी, की खासगी शाळेतल्या शिक्षकाला परवाना लागत नाही. तो ‘शिकवण्यास समर्थ’ असला की पुरे. होमस्कूलिंग, म्हणजे घरशिक्षण, याविषयी कायदा स्पष्ट काहीच बोलत नाही.

३/ मग घर ही ‘खासगी शाळा’ ठरते का? १९५३ साली लॉस एंजेलिसमधील एका खटल्यात न्यायालयाने ‘नाही’ असे उत्तर दिले. १९६१ मध्ये दुसऱ्या एका खटल्यातही तेच झाले. व्यवहार मात्र निराळ्या दिशेने गेला. पुढच्या दशकांत असंख्य पालकांनी आपले घर खासगी शाळा म्हणून नोंदवणारे वार्षिक प्रतिज्ञापत्र सादर केले, आणि प्रशासनाने बहुधा हरकत घेतली नाही. जुने निकाल एकीकडे आणि रोजचा व्यवहार दुसरीकडे, अशी ही स्थिती होती.

४/ २००८ चा खटला या प्रश्नासाठी उभा राहिलाच नव्हता. तो बालन्यायालयातला होता. एका कुटुंबातील मुलांच्या छळाच्या तक्रारीवरून तो सुरू झाला. मुलांच्या वकिलांची मागणी साधी होती : धाकट्या दोघांना शाळेत पाठवा. घरात काही विपरीत घडले, तर ते ओळखणारे कोणीतरी मोठे माणूस त्यांना रोज भेटले पाहिजे.

५/ या मुलांचे घरचे शिक्षण निकृष्ट असल्याचे बालन्यायालयाला दिसले. परंतु घरी शिकवणे हा पालकांचा घटनादत्त हक्क आहे, असे म्हणून त्याने मागणी फेटाळली. मुलांचे वकील अपील न्यायालयात गेले. २८ फेब्रुवारी २००८ रोजी अपील न्यायालयाने १९५३ आणि १९६१ च्या निकालांचा आधार घेऊन सांगितले, की असा घटनादत्त हक्क नाही.

६/ सुमारे आठवडाभराने ही गोष्ट वृत्तपत्रांत आली आणि राज्यातील घरी शिकणाऱ्या मुलांचा अंदाजे १,६६,००० हा आकडा सर्वत्र फिरू लागला. एका कुटुंबाचा खटला आता लाखाहून अधिक मुलांचा झाला. राज्यपाल अर्नोल्ड श्वार्झनेगर यांनी निकालावर कडक टीका केली. राज्याचे शिक्षणप्रमुख जॅक ओ’कॉनेल यांना जाहीर करावे लागले, की खात्याचे धोरण बदललेले नाही.

७/ वार्ताहरांची एक अडचण येथे ध्यानात घ्यायला हवी. बालन्यायालयाचे कामकाज गोपनीय असते. मुलांची कागदपत्रे पत्रकारांना पाहता येत नाहीत. हाती पडते ते अपील न्यायालयाचे प्रसिद्ध निकालपत्र, आणि त्यात ठळक दिसते ते सर्वसाधारण तत्त्व. म्हणून ‘घरशिक्षणावर बंदी’ हा मथळा सहज तयार होतो. ‘दोन मुलांवर लक्ष कोण ठेवणार?’ हा मथळा होत नाही.

८/ दुसरी गोष्ट कार्यपद्धतीची. कॅलिफोर्नियात अपील न्यायालयाचा निकाल साधारणपणे ३० दिवसांनी अंतिम होतो. ती मुदत सरण्यापूर्वीच, २५ मार्च रोजी, न्यायालयाने फेरसुनावणी मान्य केली आणि आपला निकाल आपणच मागे घेतला. या वेळी त्याने इतर संस्थांनाही आपले म्हणणे मांडू दिले.

९/ ८ ऑगस्ट २००८ रोजी त्याच न्यायालयाने उलट मत दिले. आधार होता विधिमंडळाच्या नंतरच्या कायद्यांचा. उदाहरणार्थ, खासगी शाळेत नोकरीला येणाऱ्यांच्या बोटांचे ठसे घेऊन तपासणी होते. परंतु फक्त स्वतःच्या मुलांना शिकवणाऱ्या पालकांना कायद्याने त्यातून सूट दिली होती. घर हे शाळा असूच शकत नसेल, तर ही सूट कोणासाठी? विधिमंडळाने घरशिक्षण अप्रत्यक्षपणे मान्य केले आहे, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला.

१०/ त्याच निकालाचा दुसरा भाग मात्र तितकाच महत्त्वाचा आहे. हा हक्क अमर्याद नाही. मुलांच्या सुरक्षिततेसाठी आवश्यक असेल, तर बालन्यायालय घरशिक्षण थांबवून त्यांना शाळेत पाठवू शकते. म्हणजे मुलांच्या वकिलांनी विचारलेल्या मूळ प्रश्नाचे उत्तर अखेर येथे मिळाले.

११/ इतिहासाच्या अभ्यासकाने यातून काय घ्यावे? जुन्या वृत्तपत्राचे कात्रण हाती आले, की तीन गोष्टी तपासाव्यात : हा निकाल अंतिम होता का? पुढे त्याचे काय झाले? आणि मुळात न्यायालयात दाद कोणी मागितली होती? मार्च २००८ ची कात्रणे वाचून कोणालाही वाटेल, की हा पालक आणि सरकार यांच्यातला झगडा होता. प्रत्यक्षात दाद मागितली होती ती मुलांनी.