रदबदली : दरबारांतील व संसदेंतील

रदबदली हा शब्द मराठी भाषेला नवा नाहीं. एकाचें म्हणणें दुसऱ्यानें तिसऱ्याच्या कानीं घालावें आणि त्या तिसऱ्याच्या हातीं सत्ता असल्यामुळें पहिल्याचें काम व्हावें, असा त्या शब्दाचा व्यवहार आहे. या व्यवहारांत मुळांत कांहीं पाप नाहीं. अर्जुनी मोरगांवच्या बाजूस धानाचें पीक तळ्यांच्या पाण्यावर उभें असतें. एखाद्या जुन्या मालगुजारी तलावाची पाळ फुटली म्हणजे गांवकरी अर्ज लिहितात, त्याखालीं सह्या व अंगठे करितात आणि आपल्या प्रतिनिधीकडे जातात. तो प्रतिनिधि मंत्र्यांकडे जातो. ही रदबदलीच होय. पण तींत मागणारा कोण, मागणें काय आणि मध्यस्थ कोण, हें सर्व उघड असतें. हाच व्यवहार पैसे देऊन आणि पडद्याआडून होऊं लागला म्हणजे राज्यकारभाराचें स्वरूपच पालटतें. या दुसऱ्या प्रकाराला आळा कसा घालावा, हा प्रश्न लोकसत्ताक राज्यांना वारंवार पडला आहे, आणि भारताच्या संसदेला तर तो तिच्या अगदीं बाल्यावस्थेंतच पडला.

आपल्याकडे ही विद्या पार्लमेंटाबरोबर आली असें मात्र कोणी समजूं नये. पेशवाईंतील महसुलाच्या हिशेबांत 'दरबारखर्च' किंवा 'अंतस्थ' या नांवाचें एक कलम असे. पेशव्यांचें राज्य खालसा झाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यानें १८१९ सालीं जो अहवाल लिहिला, त्यांत या कलमाचा मोठा मार्मिक इतिहास दिला आहे. आरंभीं हा पैसा दरबारांतील मंत्री व हिशेबतपासनीस यांस गुप्तपणें दिला जाई. हळूहळू ती लांच म्हणजे एक ठरलेली दस्तुरी बनली. ती हिशेबांत दाखल होऊं लागली आणि इतर खर्चाप्रमाणें तपासलीही जाऊं लागली. परंतु गुप्त देण्याची गरज कांहीं संपली नाहीं. म्हणून तिच्यासाठीं रयतेवर आणखी एक वसुली बसली! केवळ खर्च कागदावर आला एवढ्यानें कारभार स्वच्छ होत नाहीं. तो कागद कोण पाहतो आणि पाहून काय करितो, यावर सर्व अवलंबून असतें, हा धडा त्या एका कलमांत भरलेला आहे.

इंग्लंडांत हाच प्रश्न १६९५ सालीं उघड्यावर आला. हाउस ऑफ कॉमन्सचे सभापति सर जॉन ट्रेव्हर यांनीं लंडन शहराच्या महापालिकेकडून १,००० गिनी घेतल्याचें सिद्ध झालें. अनाथ मुलांच्या ठेवींसंबंधीं एक विधेयक महापालिकेला मंजूर करून हवें होतें. त्याला हातभार लावल्याबद्दलचें हें पारितोषिक. सभापतींनीं गंभीर गुन्हा केला आहे, हा ठराव मतास टाकण्याचें काम रिवाजाप्रमाणें सभापतींवरच आलें. तो ठराव त्यांनीं स्वतःच्या तोंडानें वाचला आणि सभागृहानें तो मंजूर केला. ट्रेव्हर यांची हकालपट्टी झाली, आणि त्याच वर्षीं कॉमन्सनें ठरविलें कीं, पार्लमेंटांतील कामासाठीं सभासदाला पैसा देऊं करणें हा राज्याविरुद्ध मोठा अपराध मानावा. येथें घेणाऱ्याबरोबर देणाऱ्यालाही दोषी धरलें आहे, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

अमेरिकेनें निराळा मार्ग पत्करला. तेथें विधिमंडळाच्या सभागृहाबाहेरील दालनांत, म्हणजे 'लॉबी'मध्यें, सभासदांना गांठून आपलें म्हणणें पटविणारा एक व्यवसायच निर्माण झाला होता. तो बंद करणें म्हणजे नागरिकांच्या अर्ज करण्याच्या हक्कावर घाला घालणें, असें मानून तेथील काँग्रेसनें १९४६ सालीं त्या व्यवसायाची नोंदणी सक्तीची केली. कोणासाठीं बोलतां, किती पैसे घेतां, तें लिहून द्या आणि मग खुशाल बोला, अशी ही योजना होती. १९५४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्या कायद्याचा अर्थ संकुचित केल्यामुळें त्यांतून पुष्कळ जण निसटूं लागले, आणि १९९५ मध्यें अधिक कडक कायदा करावा लागला. इंग्लंडांतील १६९५ चा मार्ग शिक्षेचा, तर अमेरिकेचा मार्ग नोंदीचा. भारतानें यांपैकीं कोणता घेतला, हें पाहण्यासाठीं १९५१ च्या मुंबईकडे वळलें पाहिजे.

मुंबईच्या झवेरी बाजारांत सोन्या-चांदीचे मोठे वायदे चालत. त्या व्यापाऱ्यांची संस्था म्हणजे बॉम्बे बुलियन असोसिएशन. वायदेबाजारावर नियंत्रण घालणारें विधेयक त्या वेळीं दिल्लींत हंगामी संसदेपुढें होतें. ज्याला बाजारांत तेजी-मंदी म्हणतात, त्या व्यवहाराचें काय होणार, मुद्रांक-शुल्क किती बसणार, हे प्रश्न व्यापाऱ्यांच्या दृष्टीनें जिव्हाळ्याचे होते. त्यांनीं सरकारकडे दाद मागावी, निवेदनें द्यावीं, शिष्टमंडळें न्यावीं, यांत वावगें कांहींच नव्हतें. पण त्यांनीं आणखी एक वाट धरली. मुंबईचे प्रतिनिधि हुचेश्वर गुरुसिद्ध मुद्गल यांच्याशीं त्यांचा संबंध जुळला. हे गृहस्थ तरुणपणीं अमेरिकेंत राहिलेले. न्यूयॉर्क येथें मार्कस गार्वे यांच्या 'निग्रो वर्ल्ड' या पत्राच्या संपादनाचें काम त्यांनीं केलें होतें. लेखणी व वाणी दोन्ही त्यांना वश होत्या. त्यांनीं असोसिएशनच्या हिताचे प्रश्न संसदेंत विचारले, वायदेबाजाराच्या विधेयकाला दुरुस्त्या सुचविल्या आणि मंत्र्यांच्या भेटी जुळवून दिल्या. आणि या सर्वांच्या मोबदल्यांत पैसा घेतला, असा त्यांच्यावर आरोप आला.

८ जून १९५१ रोजीं पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनीं स्वतः चौकशी-समितीचा प्रस्ताव संसदेपुढें मांडला. समिति पांच जणांची होती. टी. टी. कृष्णमाचारी अध्यक्ष, मुंबईचे विख्यात अर्थशास्त्रज्ञ प्रा. के. टी. शहा, सय्यद नौशेर अली, हैदराबादचे काशिनाथराव वैद्य, आणि जी. दुर्गाबाई, ज्या पुढें १९५३ सालीं चिंतामणराव देशमुखांच्या सहधर्मचारिणी झाल्या. त्या वेळीं संसदेचे सभापति होते गणेश वासुदेव मावळंकर. अहमदाबादेस कर्तृत्व गाजविलेले, पण मूळचे रत्नागिरी जिल्ह्यांतील मावळंगे गांवच्या घराण्यांतले. आपल्या सभागृहाचे रिवाज अजून बनावयाचे आहेत, आणि आज जें करूं तोच उद्यांचा दाखला होईल, ही जाणीव त्या काळच्या सर्वच कर्त्या पुरुषांच्या ठिकाणीं दिसून येते.

समितीपुढील प्रश्न वाटतो तितका सोपा नव्हता. सभासदानें आपल्या मतदारसंघांतील व्यापाऱ्यांचें गाऱ्हाणें मांडणें हें त्याचें कर्तव्यच आहे. मुद्गलांनीं विचारलेला प्रत्येक प्रश्न एरव्हीं कोणीही विचारूं शकला असता. मग दोष कोठें? दोष असा कीं, सभागृहाला वाटत होतें, हा सभासद बोलतो. प्रत्यक्षांत बोलत होती त्याला पोंचलेली रक्कम. हें वर्तन सभागृहाच्या प्रतिष्ठेस कमीपणा आणणारें आणि सभासदांकडून संसदेनें ज्या आचरणाची अपेक्षा करावी त्याच्याशीं विसंगत आहे, असा निर्णय समितीनें दिला.

२४ सप्टेंबर १९५१ रोजीं नेहरूंनीं मुद्गलांना सभागृहांतून काढून टाकण्याचा ठराव मांडला. मुद्गलांना आपली बाजू मांडण्याची संधि मिळाली. त्यांनीं भाषण केलें आणि शेवटीं राजीनाम्याचें पत्र उपसभापतींच्या हवालीं केलें. हकालपट्टीचा डाग टाळण्याची ही युक्ति होती. तेव्हां सभागृहापुढें पेंच पडला : जो सभासदच उरला नाहीं त्याला काढावयाचें कसें? दुसऱ्या दिवशीं, २५ सप्टेंबरला, ठराव दुरुस्त करण्यांत आला. मुद्गल हकालपट्टीस पात्र होते. इतकेंच नव्हे, तर राजीनाम्याच्या पत्रांतील भाषेनें सभागृहाचा अवमान झाला असून त्यामुळें त्यांचा अपराध अधिकच वाढला आहे, असें संसदेनें नोंदविलें. राजीनामा मिळाला म्हणून प्रकरण मिटवून न टाकतां, निर्णय लिहून ठेवण्याचा आग्रह संसदेनें धरला, हें तिला भूषणावह आहे. पुढल्याच वर्षीं, १९५२ मध्यें, वायदेबाजाराचा कायदा झाला आणि त्यानें तेजी-मंदीच्या व्यवहारास बंदी घातली. व्यापाऱ्यांचा पैसाही गेला आणि कामही झालें नाहीं.

मुद्गल-प्रकरणाची एक बाजू मात्र अपुरी राहिली. घेणाऱ्याचा निवाडा झाला. देणाऱ्यांसाठीं नियम झाला नाहीं. जी संस्था कायदा घडविण्यासाठीं किंवा मोडण्यासाठीं पैसा खर्च करील तिनें तो कोठें तरी लिहून द्यावा, असें बंधन त्या वादविवादांतून निघालें नाहीं. त्यामुळें १९५१ नंतर भारतांत शिक्षेचा मार्ग तेवढा चालूं राहिला, आणि नोंदीचें काम परदेशच्या कायद्यांवर पडलें.

याचा अनुभव महाराष्ट्राला कोंकणांत आला. गुहागर तालुक्यांतील दाभोळ वीज-प्रकल्पाचा करार १९९३ च्या डिसेंबरांत राज्य वीज मंडळाशीं झाला. १९९५ सालीं एन्रॉन कंपनीच्या एका अधिकारी बाईंनीं अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढें सांगितलें कीं, भारतीयांना या विषयाचें शिक्षण देण्यासाठीं कंपनीनें दोन कोटी डॉलर खर्च केले. हें शिक्षण कोणी घेतलें, असा प्रश्न महाराष्ट्रांत घरोघरीं विचारला गेला. त्याच वर्षीं मुंडे समितीच्या अहवालावरून नव्या राज्य सरकारनें करार रद्द केला. पुढें तो फेरबदलासह पुन्हा झाला आणि २००१ मध्यें प्रकल्प बंद पडला. पण त्या दोन कोटींचा तपशील महाराष्ट्राच्या कोणत्याही नोंदवहींत नव्हता, कारण तशी नोंदवहीच नव्हती.

सभासदांपुरती तरी नोंद असावी, हा विचार मूळ धरूं लागला तो राज्यसभेंत. १९९७ च्या मार्चमध्यें तेथें आचारसमिति स्थापन झाली. देशांतील अशा प्रकारची ती पहिली समिति आणि तिचे पहिले अध्यक्ष नांदेडचे शंकरराव चव्हाण. पुढें सभासदांच्या हितसंबंधांची नोंदवही ठरली. कोणत्या कंपनीचें संचालकपद, कोणतें मानधनाचें काम, कोठें नियंत्रण ठेवण्याइतके भाग, कोणाची सशुल्क सल्लागारी आणि कोणता व्यवसाय, या पांच गोष्टी सभासदानें लिहून द्याव्या, अशी तिची मांडणी आहे. लोकसभेंत मात्र मुद्गल-प्रकरणाची आठवण निराळ्या रीतीनें जागी झाली. २००५ च्या डिसेंबरांत प्रश्न विचारण्यासाठीं पैसे घेतांना कांहीं सभासद छुप्या छायाचित्रणांत सांपडले. २३ डिसेंबर रोजीं लोकसभेच्या दहा व राज्यसभेच्या एका सभासदाची हकालपट्टी झाली. त्यांत जळगांव व एरंडोल येथून निवडून आलेले दोघे होते. १० जानेवारी २००७ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें संसदेचा हा अधिकार मान्य केला, आणि त्या निकालांत १९५१ चा दाखला उपयोगी पडला.

२०१२ सालीं किरकोळ व्यापारांत परदेशी भांडवल येऊं द्यावें कीं नाहीं, यावर दोन्ही सभागृहांत मोठी झुंज झाली. ती संपते न संपते तोंच अमेरिकेंतून बातमी आली कीं, वॉलमार्ट कंपनीनें २००८ पासून रदबदलीवर सुमारें अडीच कोटी डॉलर खर्च केल्याचें तेथील नोंदवहींत लिहून दिलें असून, त्या विषयांच्या यादींत भारतांतील भांडवल-गुंतवणूकही आहे. संसदेंत गदारोळ झाला आणि सरकारनें निवृत्त न्यायाधीशामार्फत चौकशीचें आश्वासन दिलें. भारताच्या संसदेला स्वतःच्या अंगणांतील हालचाल वॉशिंग्टनच्या दप्तरांत वाचावी लागली! २०१३ सालीं ओरिसाचे सभासद कालिकेश नारायण सिंह देव यांनीं रदबदलीच्या कामाची नोंद सक्तीची करणारें एक खासगी विधेयक लोकसभेंत आणलें. तें कायद्यापर्यंत पोंचलें नाहीं.

हा सर्व प्रश्न दिल्ली-मुंबईचा, खेड्यापाड्यांचा त्याच्याशीं काय संबंध, असें कोणास वाटेल, तर २०१५ चें एक उदाहरण पुरेसें आहे. अर्जुनी मोरगांवच्या रानांत उन्हाळ्यांत तेंदूचीं पानें तोडून त्यांचे पुडे बांधणें हा गरीब कुटुंबांचा मोठा आधार आहे, आणि गोंदियाचा विडीचा व्यापार पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. विडी-सिगारेटच्या वेष्टनाचा ८५ टक्के भाग चित्रमय इशाऱ्यानें व्यापावा, हा नियम १ एप्रिल २०१५ पासून लागू व्हावयाचा होता. अहमदनगरचे सभासद दिलीप गांधी यांच्या अध्यक्षतेखालील लोकसभेच्या समितीनें तो लांबणीवर टाकण्याची शिफारस केली, आणि तो लांबला. समितीचे एक सभासद स्वतः विडीचे मोठे कारखानदार होते, हें वृत्तपत्रांतून पुढें आल्यावर वादळ उठलें. ज्याचा निकट हितसंबंध आहे अशा सभासदाच्या समितीवरील नेमणुकीस आक्षेप घेतां येतो, असा लोकसभेचा नियम आहे. परंतु हितसंबंध ठाऊक असल्याशिवाय आक्षेप घ्यावयाचा कोणी? अखेर १ एप्रिल २०१६ पासून तो नियम अमलांत आला. त्या एका वर्षाच्या वादांत पानें तोडणाऱ्या व विड्या वळणाऱ्या मजुरांच्या पोटाची गोष्ट पुष्कळांनीं सांगितली. त्या मजुरांचें हित खरें होतें, आणि तंबाखूनें त्यांच्याच घरांत येणारा रोगही खरा होता. परंतु त्यांच्या नांवानें बोलणारा कोणाच्या खर्चानें बोलतो, हें कळल्यावांचून त्या बोलण्याचें वजन ठरवितां येत नाहीं.

नोंदवहीनें सर्व दोष नाहींसे होतील, असा भ्रम कोणी बाळगूं नये. दरबारखर्चाचें कलम हिशेबांत आलें तरी त्याच्या खालीं दुसरें गुप्त कलम वाढलेंच; अमेरिकेचाही पहिला कायदा पळवाटांनीं पोखरला. नोंदवही ही दिव्यासारखी आहे. घरांत कोण शिरला तें ती दाखवील, पण उठून पाहण्याचें काम घरच्यांनींच केलें पाहिजे. तलावाच्या पाळीसाठीं अर्ज करणारा गांवकरी आपलें नांव लिहितो, गांव लिहितो आणि खालीं अंगठा उठवितो. कायदा बदलण्यासाठीं कोट्यवधि रुपये खर्च करणाऱ्या धनिकाकडून राज्यानें याहून कमी मागण्याचें कांहींच कारण नाहीं.