कारळा कोठून आला?



दापोली तालुक्यातले बुरोंडी हे समुद्रकाठचे गाव. पुढे दर्या, मागे जांभ्याचे डोंगरउतार. भात पिकते ते खाली, बांधबंदिस्तीच्या खाचरात. वरच्या उतरणीला आपल्याकडे वरकस जमीन म्हणतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या अशा वरकसावर पूर्वी पाऊस ओसरला की पिवळाधमक कारळा फुललेला दिसे. कोणी त्याला खुरासणी म्हणतात. झेंडू, शेवंती, सूर्यफूल ज्या कुळातले, त्याच कुळातला हा. पण देवाच्या माळेत त्याला कोणी ओवला नाही. त्याची जागा घाण्यावर आणि चटणीच्या वाटीत.

हा आला कोठून? खुरासणी म्हटले की खुरासान, म्हणजे इराणकडचा मुलूख आठवतो. इंग्रज त्याला नायजर म्हणाले, म्हणजे पश्चिम आफ्रिकेतली नदी. दोन्ही नावे फसवी आहेत! शास्त्रज्ञांनी त्याच्या वंशाला ‘गिझोशिया’ नाव दिले, ते तर गिझो नावाच्या एका फ्रेंच इतिहासकाराचे. त्या भल्या माणसाचा कारळ्याशी काय संबंध असणार?

खरा पुरावा रानात मिळतो. एखाद्या पिकाची रानटी भावंडे जिथे उगवतात, तिथे त्याचे माहेर शोधावे. कारळ्याची सारी रानटी भावंडे आफ्रिकेतली आहेत, आणि त्याचा अगदी सख्खा भाऊ इथिओपियाच्या, म्हणजे जुन्या हबशी मुलखाच्या, डोंगराळ पठारांवर आहे. तिथे कारळ्याला ‘नूग’ म्हणतात आणि त्याचे तेल खातात. आता गंमत पाहा. वरकसावर त्याच्या शेजारी पिकणारी नाचणीसुद्धा पूर्व आफ्रिकेच्या उंच प्रदेशातलीच. आपण जिला अस्सल कोकणी भाकरी म्हणतो, तिचे आणि तिच्यासोबतच्या चटणीचे माहेर एकाच दिशेला!

समुद्र ओलांडून बी येणे नवलाचे नाही. बुरोंडीच्या दक्षिणेला वाशिष्ठीच्या मुखावर दाभोळ बंदर आहे. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी १४७० नंतरच्या दोन-चार वर्षांत तिथूनच गलबतावर चढला. जायचे होते होर्मुझला. पण महिनाभर पाण्याखेरीज काही दिसले नाही, आणि दिसले ते हबशांच्या देशाचे डोंगर. पाच दिवस तिथे काढले. लूट होऊ नये म्हणून त्या लोकांना तांदूळ, मिरी, भाकरी वाटावी लागली, असे तो लिहितो. दाभोळला मिसर, अरबस्तान आणि खुरासानातून घोडे येत, हेही त्याने टिपून ठेवले. कारळा मात्र निकितिनच्या कितीतरी आधी इकडे रुजला असावा. घोड्यांची नोंद होते. खलाशाच्या शिदोरीतल्या मूठभर बियांची कोण करतो?

वरकसावर पहिल्या वर्षी नाचणी, मग वरी, आणि जमिनीचा कस उतरला की तीळ किंवा कारळा, असा क्रम असे. त्यानंतर ती जमीन काही वर्षे पडीक टाकत. हलक्या रानात, खताविना येणारे हे पीक. गुरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून शेताच्या कडेलाही पेरत. बियांत शेकडा पस्तीस-चाळीस तेल. पेंड पुन्हा गुरांनाच. मात्र त्याची एक अट आहे. एका झाडाचा पराग त्याच झाडाला चालत नाही. सातेरी माश्या फिरकल्या नाहीत, तर फुले भरपूर आणि दाणे पोचट.

१९९० पासून रोजगार हमीच्या फळबाग योजनेतून वरकसावर आंबा-काजूच्या बागा उभ्या राहिल्या. त्यात वाईट काही नाही, पैसा आला. पण नाचणी हटली आणि तिच्यामागचा कारळाही हटला. ज्या घरात बी राखले नाही, तिथे वाणही गेला. इगतपुरीच्या संशोधन केंद्राने ‘सह्याद्री’ आणि ‘फुले कारळा १’ असे वाण दिले आहेत. परंतु घरच्या जुन्या बियांची मडकी रिकामी झाली, ती तशीच राहिली.

गुरुजी, शाळेमागे दोन वाफे असतील, तर मुलांकडून आजीला विचारून बी मिळवा आणि जुलैत पेरा. पेरण्यापूर्वी बी चाळून घ्या, त्यात अमरवेलीचे दाणे मिसळलेले असतात. साधारण शंभर दिवसांत पीक तयार होते. बोंडे तपकिरी दिसू लागली की कापायला उशीर करू नका. दाणे झडून जातात.